भिजवलेल्या हरभऱ्याएवढी

मागच्या श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी नऊ वाजता मला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. शनिवारी रात्रीच बॅग भरून झाली होती. दोन सुती साड्या, दोन गाऊन, टॉवेल, स्टीलचा पेला, चार्जर आणि वर ती फाईल. ह्यांनी पतसंस्थेतून पस्तीस हजार काढून आणले होते. सासूबाईंनी भाकरी करायला गल्लीतल्या एका मावशींना सहा महिन्यांसाठी सांगूनही टाकलं होतं, कारण मोठं ऑपरेशन झाल्यावर सहा महिने वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, हे आमच्याकडं पोरीसोरींनाही माहीत असतं.

आमच्या भागात नुसतं ‘ऑपरेशन’ म्हटलं की कुटुंबनियोजनाचं. ‘मोठं ऑपरेशन’ म्हटलं की गर्भाची पिशवी काढायचं. बाईच्या आयुष्यात ही दोन ऑपरेशनं दहावी-बारावीसारखी एकापाठोपाठ एक येतात, असं मी लहानपणापासून बघत आले. माझं पहिलं मुलाच्या जन्मानंतर, एकोणतिसाव्या वर्षी झालं. आता त्रेचाळिसाव्या वर्षी दुसरं होणार होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आज लिहिताना अंगावर येतं.

तक्रार साधी होती. तीन महिन्यांपासून अंगावरून पांढरं जात होतं. कंबर दुखायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर फळ्यासमोर उभं राहणं, संध्याकाळी घरचं काम, त्यामुळं कंबर दुखणारच असं धरून चालले होते. शेवटी तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात गेले. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, “पिशवीच्या तोंडाला गाठ आहे. मुलं झालीत ना? ऑपरेशन झालंय? मग ठेवून काय करायचं. उद्या कॅन्सरमध्ये गेली तर आमच्याकडं येऊन रडाल. सोमवारी या.” मी खुर्चीवर बसल्यापासून उठेपर्यंत चार-पाच मिनिटं झाली असतील. आतून तपासणीही झाली नाही. बाहेर आल्यावर काउंटरवरच्या मुलानं किती खर्च येईल ते कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलं.

‘कॅन्सर’ या एका शब्दापुढं माझं सगळं शिक्षण गळून पडलं. त्याला कारण आहे. माझी मोठी मावशी 2006 साली पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनंच गेली. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात दिली होती तिला. अंगावरून पाणी जायचं, वास यायचा, म्हणून ती लग्नाकार्यात मागं मागं बसायची. कुणाला बोलली नाही. पाळी जाऊन सात वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तेव्हा घरच्यांना कळलं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला नेलं तोवर आजार किडनीपर्यंत पोचला होता. शेवटच्या दिवसांत मी तिच्या पायाशी बसलेली होते. तिचे पाय सुजून चकाकत होते आणि ती आम्हाला विचारत होती, तूर खुडली का. त्यामुळं माझ्या पोटात त्याच जागी गाठ आहे म्हटल्यावर मला ती काढून हवी होती. लगेच, सोमवारच्या आधी जमलं तर आधी.

रविवारी बाई आली. माझ्या आईला आम्ही भावंडं बाईच म्हणतो. कळंब तालुक्यातून एसटी बदलत बदलत, डोक्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन. तिला कुणी तरी फोनवर सांगितलं होतं. चहा घेतला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “गाठ कशाची हाय?”

“पिशवीच्या तोंडाची.”

“ते कळालं. कशाची हाय? पू हाय, पानी हाय, मास वाढलंय, का ते मावशीवानी हाय? डाक्टरनी काय सांगितलं?”

मी गप्प. बाई चौथी शिकलेली. मी डीएड, बीए. वर्गात पोरांनी ‘का’ विचारलं नाही तर मी त्यांच्यावर रागावते, आणि माझ्या स्वतःच्या शरीरातली गाठ कशाची आहे हे मी विचारलंच नव्हतं. फाईल उघडली. रिपोर्टमध्ये इंग्रजीत एक ओळ होती: नेबोथियन सिस्ट, 12 मिलिमीटर. कॅन्सर हा शब्द कुठंच नव्हता.

“दारात मुंग्या निघाल्या म्हनून वाडा पाडतेत का?” बाई म्हणाली. “आधी बघू दे की कुनाला तरी.”

सोमवारी सकाळी ह्यांनी दवाखान्यात फोन केला, आज येत नाही म्हणून. पलीकडून उत्तर आलं, “बघा, उशीर केलात तर आमची जबाबदारी नाही.” त्या वाक्यानं आमच्या घरात दोन दिवस कुणाला नीट जेवण गेलं नाही. ह्यांचं म्हणणं, काढून टाकू, डोक्याला ताप नको. ते घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस आपल्या माणसासाठी सगळ्यात मोठा इलाज मागतो. लहान इलाज मागितला तर आपण चिंगूसपणा केला असं त्याला वाटतं. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः त्यांच्याच बाजूला उभी होते.

बुधवारी बाई आणि मी अंबाजोगाईला गेलो. स्वाराती म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय. केसपेपरची रांग, मग स्त्रीरोग ओपीडीची रांग. बाकावर माझ्या शेजारी धारूर, केज, परळीकडच्या बाया, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. साडेतीन तास बसलो. आत एक बाई डॉक्टर होत्या, माझ्याहून वयानं लहान. त्यांनी सोनोग्राफी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा विचारलं, “संबंधानंतर रक्त जातं का? पाळीच्या मधे डाग लागतो का? पाण्यासारखं पातळ, एकसारखं जातं का?” तिन्हीला नाही. मग म्हणाल्या, “झोपा, बघू.”

तपासणीचं मी मोकळेपणानं लिहिते, कारण कित्येक जणी केवळ त्या टेबलाच्या धास्तीनं जात नाहीत. पाय दोन्ही बाजूंना टेकवायचे. एक गार लोखंडी साधन आत घालतात, ते चोचीसारखं उघडतं. ओटीपोट आवळून धरलं की जास्त टोचतं, तोंडानं श्वास सोडत राहिलं की कमी. आधी पॅप स्मिअरसाठी, म्हणजे पेशी बिघडल्यात का ते बघायला, एका लहानशा ब्रशनं पेशी घेतल्या, मला फक्त खरवडल्यासारखं झालं. मग कापसाच्या बोळ्यानं पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावलं. त्याचा वास थेट चायनीजच्या गाड्यावरच्या व्हिनेगरसारखा, कारण वस्तू तीच. एक मिनिट थांबायचं. पेशी बिघडलेल्या असतील तर तेवढी जागा पांढरी पडते. माझी पडली नाही. मग त्यांनी कॉल्पोस्कोपचा, म्हणजे आतली जागा मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा माझ्याकडं वळवला आणि म्हणाल्या, “बघायचंय?”

मी बघितलं. दोन बाळंतपणं ज्या दारातून झाली ते दार मी त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. गुलाबी, ओलसर, मधे आडवी फट. आणि त्या फटीच्या डाव्या अंगाला एक गोल, पिवळसर पांढरा, गुळगुळीत फुगवटा, वरून केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या गेलेल्या. रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याएवढा. त्याच्या बाजूला हुरड्यातल्या दाण्याएवढे अजून दोन. ज्याच्यासाठी मी बॅग भरली होती ते हे. मला कसं सांगू, त्याची भीती तिथंच निम्मी झाली. ते कुरूप नव्हतं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी घरी येऊन बाईला आमच्या भाषेत सांगितलं. पिशवीच्या तोंडाशी चिकट स्राव करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. बाळंतपणात, जंतुसंसर्गात तिथली त्वचा झिजते आणि नवी येते. नवी येताना कधी कधी ती ग्रंथीच्या तोंडावरूनच पसरते. पाटाचं तोंड गाळानं बुजल्यावर मागं पाणी तुंबून डबकं होतं, तसं आत स्राव साठतो आणि फुगवटा येतो. ही झाली नेबोथियन सिस्ट. पोरंबाळं झालेल्या बायांत ती इतकी सापडते की डॉक्टर तिला आजारच मानत नाहीत. कॅन्सरमध्ये तिचं रूपांतर होत नाही. हे नाव जर्मनीतल्या लाइपझिगच्या मार्टिन नाबोथ या शरीरशास्त्रज्ञावरून पडलं. त्यानं 1707 साली या गाठींचं वर्णन केलं होतं, आणि त्याला ती स्त्रीबीजं वाटली होती. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची चूक समजण्यासारखी आहे. त्याच्याकडं फक्त डोळे होते.

“मग पांढरं का जायचं?” बाईचा पुढचा प्रश्न. तो मीही तिथं विचारला होता. पांढरं जायचं ते जंतुसंसर्गानं. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, थांबलं. कंबरेचं कारण रक्तातही होतं, हिमोग्लोबिन 9 निघालं. गाठीचा या दोन्हींशी संबंध नव्हता. ती सोनोग्राफीत दिसली एवढंच, आणि दिसली म्हणून तिच्यावर सगळं ढकललं गेलं. समजा त्या सोमवारी पिशवी काढली असती, तर कंबर दुखतच राहिली असती आणि मी म्हणाले असते, ऑपरेशनमुळं कंबर गेली.

तरी निर्णय तिथं संपला नाही. पॅपचा रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागणार होते, आणि डॉक्टरांनी एक पर्याय समोर ठेवला होता. गाठीनं फारच अस्वस्थ वाटत असेल तर ओपीडीतच सुईनं टोचून स्राव काढता येतो किंवा बारीक डाग देऊन ती जाळता येते. पिशवीला हात लावायचा नाही, संध्याकाळी घरी. “पण गरज आहे असं मला वाटत नाही,” हेही त्यांनीच सांगितलं. गाठ खूप मोठी होऊन दुखायला लागली, वाट अडवायला लागली, तपासणीत तिच्या आड बाकीची जागा दिसेनाशी झाली, किंवा सोनोग्राफीत आत पाण्याऐवजी घट्ट काही दिसलं, तर मात्र काढून तपासायला पाठवायची. पातळ पाणी एकसारखं जात असेल आणि आत गाठीच गाठी दिसत असतील तर तेही हलक्यानं घ्यायचं नाही, कारण फार क्वचित एक कॅन्सर अशा गाठींचं रूप घेऊन लपतो. हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

ते पंधरा दिवस मला फार जड गेले. शाळेत गणित शिकवताना मधेच हात थांबायचा. टोचून घ्यावं आणि मोकळं व्हावं, असं रोज एकदा तरी वाटायचं. स्वतःला विचारलं, मला नेमकं काय काढून टाकायचंय? तेव्हा उत्तर आलं, मावशी. पायाशी बसून बघितलेली ती सूज मला अंगातून काढून टाकायची होती, आणि ती कुठल्या सुईनं निघणार नव्हती. रिपोर्ट आला, पेशी ठीक होत्या. मी टोचून घेतलं नाही. एक वर्षानं पुन्हा दाखवायचं ठरलं.

या दरम्यान बाईनं एक गोष्ट सांगितली जी तिनं वीस-पंचवीस वर्षं कुणाला सांगण्याजोगी मानली नव्हती. “आमच्या गावात बार्शीच्या बाया आल्त्या. शाळंत पडदा लावून तपासलं आमाला. तीस वर्षाच्या वरल्या समद्यांना. मला म्हनल्या, तुमी चांगल्या हायत.” मी शोधून वाचलं. 1999 च्या ऑक्टोबरपासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी या कॅन्सरच्या तपासणीचा हा अभ्यास केला होता. 52 गावगट, 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 बाया. काही गटांत, ज्यामुळं हा कॅन्सर होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप, काहींत व्हिनेगरची तपासणी आणि एका गटात नेहमीसारखं चालू होतं तसंच. निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरनं 34 बाया गेल्या, तपासणी न झालेल्या गटात 64. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभर या कॅन्सरच्या तपासणीबद्दल जे बोललं जातं, त्याचा मोठा पुरावा कळंब-परंड्याकडच्या लुगड्यातल्या बायांनी दिलेला आहे, आणि माझी बाई त्यांतली एक असेल. त्या 64 जणींचं मला राहून राहून वाईट वाटतं. त्यांना कुणी पडद्याआड बोलावलं नाही. मावशीचं गाव तर जिल्ह्याच्या हद्दीपलीकडं होतं.

आता हद्दीच्या या बाजूचं, आमच्या बीड जिल्ह्यातलं. माझ्या शाळेत दिवाळीनंतर वर्ग निम्मा होतो. आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं बरोबर जातात, किंवा हंगामी वसतिगृहात आणि आजीपाशी राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एका दिवसाचा खाडा झाला की पैसे कापतात. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीचे चार दिवस आणि अंगावरचं पांढरं हे तिथं दुखणं राहत नाही, तो तोटा होतो. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासनाच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या 82 हजार 309 ऊसतोड बायांची माहिती आली, त्यांतल्या 13 हजार 861 जणींची पिशवी काढलेली होती. सहा जणींमागं एक. हा आकडा पेपरात आला तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही हळहळलो होतो. आणि पाचच वर्षांनी त्याच जिल्ह्यात, पगारी नोकरी असलेली मी, फडात कधी न गेलेली, बॅग भरून बसले होते.

पिशवी काढणं म्हणजे पापच, असं मी म्हणत नाही. माझ्या जाऊबाईंना फायब्रॉइडच्या मोठ्या गाठी होत्या, पाळीत इतकं जायचं की हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. दोन वर्षं गोळ्या-इंजेक्शनं झाली, मग ऑपरेशन झालं, आणि आज त्या शेतात माझ्या पुढं चालतात. त्यांच्या हातात दोन वर्षांचे कागद होते. पिशवीबरोबर अंडाशयं काढायची का ठेवायची हेही डॉक्टर आणि त्या बोलून ठरवू शकल्या. ती काढली की बाई एका रात्रीत पाळी गेलेली बाई होते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयावर परिणाम होतो. पस्तिशीच्या आत हे झालं तर पुढची चाळीस वर्षं ते अंगावर वागवायचं असतं.

मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते दसऱ्यानंतरच्या एका दुपारमुळं. सातवीतल्या एका मुलीची आई हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव टाकायला शाळेत आली. टोळी चार दिवसांत निघणार होती, कर्नाटकात. बसता बसता तिनं हात जमिनीला टेकवला, मग गुडघा, मग दुसरा गुडघा. वय बत्तीस. मी विचारलं, कंबर दुखती का. म्हणाली, “म्याडम, पिशवी काढल्यापासून. सत्ताविसाव्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं, डाक्टर म्हनले तोंडाला गाठ हाय, क्यान्सर होईल.”

मी माझी हकिगत सांगितली. सांगावं का नाही, हा विचार मला नंतर आला. ती पूर्ण ऐकत राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग विचारलं, “म्हंजी माझ्या बी हरभऱ्याएवढीच आसंल का?”

मी म्हणाले, तसं कसं सांगता येईल, कागद आहेत का. संध्याकाळी पोरीच्या हातून तिनं प्लास्टिकची पिशवी पाठवली. त्यात औषधाची तीन बिलं होती, एक डिस्चार्ज कार्ड, त्यावर कारणाच्या जागी ‘पिशवीला सूज’ एवढंच. काढलेली पिशवी तपासायला पाठवल्याचा रिपोर्ट नव्हता. अंडाशयं ठेवली का काढली, ते लिहिलेलं नव्हतं. आणि सोनोग्राफीचा फोटो होता. तो चकचकीत कागद उष्णतेनं उडतो. पाच उन्हाळे पत्र्याच्या घरात राहून तो सगळा करडा झाला होता, मधे कुठं तरी एक फिकट गोल, तोही गाठीचा का कागदाच्या डागाचा, मला ओळखता आला नाही.

मी कागदांचे मोबाईलवर फोटो काढले आणि अंबाजोगाईच्या त्या डॉक्टरांना दाखवले. त्या म्हणाल्या, घेऊन या, हाडांची तपासणी करू, कॅल्शियम सुरू करू, अंडाशयं आहेत का सोनोग्राफीत बघू. टोळी तोवर निघून गेली होती. तिच्या नवऱ्याच्या फोनवर निरोप दिला तर पलीकडून उसाच्या पाचटाचा आवाज येत होता आणि ती म्हणत होती, “पाडव्याला येते म्याडम, आता खाडा नगं.” एसटीला बायांना निम्मं तिकीट आहे, मी बरोबर येते, एवढंच मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं.

माझी वर्षाची तपासणी श्रावणात आहे. तिची पाडव्यानंतर. वहीत दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या आहेत, आणि तिच्या पोरीला सांगून ठेवलंय, आई आली की त्याच दिवशी मला सांगायचं.